बोर्डापुढं वेणीफणी करून

पाहुण्यांपुढं पोरं नीटनेटकीच यायला हवीत, हा आमच्या घरचा नियम. वहिनीनं तो सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या बोर्डापुढंही पाळला.

वहिनीची पोर, माझी भाची, स्वमग्न. तिला दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं तरच महिन्याचं सरकारी अनुदान सुरू होणार होतं, आणि आजऱ्याहून इथं माझ्या गावी, कोल्हापूरला, थेरपीसाठी येणंजाणं त्यावरच टिकणार होतं. काजूच्या कारखान्यातला दादाचा पगार घरातच संपायचा.

वहिनी भलतीच मानी. कितीतरी दिवस खपून तिनं पोरीला खुर्चीत बसायला आणि हात जोडायला शिकवलं होतं. त्या दिवशी नवा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या. आणि पोरीनं डॉक्टरांना खरंच हात जोडले! मी हरखूनच गेले. डॉक्टर हसून म्हणाले, "छान शिकवलंय की. मग अडचण काय आहे?"

एवढी मेहनत अंगाशी येणार होती. मी वहिनीला कोपरानं ढोसलं. सासरी, गल्लीत, कुणापुढंही तिनं पोरीचं उणं काढलं नव्हतं. आता ते तिनंच बोलायला हवं होतं.

"सांगतो की," ती म्हणाली. "पर आदी पोरीला भायेर जाऊ दे. वन्सं, जरा घेऊन जावा हिला."

"अहो, तिला कुठं काय कळतंय?" नर्स म्हणाली.

"कळत न्हाय, हे तुमास्नी कुणी सांगिटलं?"

अशी वहिनी आपल्या वाट्याला आली, याचा मला त्या क्षणी भयंकर अभिमान वाटला. मी पोरीला घेऊन बाहेर बाकावर बसले. ती फ्रॉकचं बटण चाचपत राहिली.

वहिनी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. भिंतीवर डोकं आपटणं, अंगावरचे कपडे फाडणं, ओरडून घर डोक्यावर घेणं, सगळं सांगून आली होती. पुढं प्रमाणपत्र मिळालं. अनुदानही सुरू झालं, उशिरा का होईना.

पण त्या दिवशी मी दोघींना एसटीत बसवायला स्टँडवर गेले, तर वहिनी पोरीच्या कानाशी लागून सारखी काहीतरी पुटपुटत होती. पोर भलतीकडंच बघत होती. मी कान दिला.

"म्हशीला हाक मारतीस. भांडी जाग्याला लावतीस. बाबा आला की पाणी देतीस..."

"वहिनी, हे काय चाललंय?"

"जमत न्हाय ते समदं आत सांगून आलो, वन्सं," ती म्हणाली. "जमतं ते हिला सांगाय नगो व्हय?"