रेहानाच्या मेलमधली प्रश्नचिन्हं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

मिरजेतल्या एका दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना मराठी मजकूर साध्या इंग्रजी अक्षरांत गुंडाळून पाठवावा लागतो. पलीकडे तो उलगडतो. न गुंडाळता धाडला, तर वाटेत त्याची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. तरी एका डॉक्टरांकडे मजकूर उलगडत नाही अशी तक्रार आली आणि मी ते गुंडाळणंच बंद करून टाकलं. सगळ्यांसाठी. एक मेल पाठवून बघायचा — तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आळस, दुसरं काय?

त्याच दुपारी आमच्या टायपिस्ट रेहानाने मेढ्याच्या एका दवाखान्याला मेल केला. तिथल्या एका आजींची रक्त पातळ करायची गोळी ताबडतोब बंद करायची होती. पोचलं काय — गोळीचं इंग्रजी नाव आणि भोवती नुसती प्रश्नचिन्हं. तिथल्या माणसाने नाव वाचलं आणि तीच द्यायची असं समजून गोळी चालू ठेवली. आजींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, उजवी बाजू गेली ती गेलीच.

चौकशी लागली. मी काय केलं? आधी गुपचूप सेटिंग पूर्ववत केली. मग साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"सर, मी नीट मराठीतच लिवलं हुतं," रेहाना म्हणाली. "दादास्नी इचारा की, त्यांना सगळं म्हाईत हाय."

साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "सर्व्हर व्यवस्थित आहे. फॉन्ट चुकला असेल हिचा."

एवढंच वाक्य. त्यावर तिची नोकरी गेली.

दवाखान्यात मला शांत, सरळ माणूस म्हणतात. ऐकलं की डोकं फिरतं. सरळ? भेकड आहे मी, लबाड आहे.

परवा ती बाजारात भेटली. आता घरी शिलाई करते. माझ्यावर राग नाही — तेच तर सहन होत नाही. म्हणाली, "दादा, खरं सांगा, माझं नेमकं काय चुकलं हुतं? अजून डोक्यातनं जात न्हाई."

मी म्हणालो, "जाऊ दे गं आता. होते चूक एखादी."

तिचं काहीही चुकलं नव्हतं. मला ते तेव्हाही माहीत होतं, परवाही माहीत होतं. आणि परवाही मी खोटंच बोललो.