जुन्या काठ्या, नवी मूठ

ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला त्याला वर्ष होऊन गेलं. बोलणं बऱ्यापैकी परतलं, पाय ओढत का होईना चालायलाही लागले, पण उजवा हात रुसला तो रुसलाच. फिजिओच्या बाईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. ह्यांनी तो एकदा दाबला आणि सोफ्याखाली ढकलून दिला. "मी काय बाळ आहे?"

मी वाद घालणं केव्हाच सोडलं होतं. मुलुंडहून अंधेरीचं ऑफिस, आल्यावर स्वयंपाक, ह्यांची औषधं, ह्यांचा राग. ह्यात वाद कुठे बसवायचा?

एका संध्याकाळी घरी आले तर हे गॅलरीत उभे. डाव्या हातानं कठडा धरलेला आणि उजव्या हातात गोल्फची काठी. बोटं मिटायची, काठी निसटायची. पुन्हा उचलायची, पुन्हा निसटायची. माझी चाहूल लागली तशी पटकन भिंतीला टेकवून ठेवली.

गोल्फचा नाद ह्यांना कंपनीमुळे लागला. साहेब खेळायचे, म्हणून सेल्सच्या माणसांनाही जावं लागायचं. माझ्या माहेरी-सासरी क्रिकेटपलीकडे कुणी काही खेळलेलं नव्हतं. पण हे रमले. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांकडून वापरलेला सेट घेतला आणि तोच इतकी वर्षं चालवला. त्याच्या मुठींचं रबर आता कडक होऊन पाटा झिजावा तसं गुळगुळीत झालं होतं. धडधाकट माणसाच्या हातातूनही निसटलं असतं.

मुलगा परदेशात असतो. फोनवर म्हणाला, "बाबा, हलका सेट मिळतो हल्ली. मी पाठवतो."

"नको."

"अहो, पण..."

"नको म्हटलं ना."

मग फोन माझ्याकडे आला, आणि ह्यांच्या हट्टाबद्दल मुलाचं बोलणं मीच ऐकून घेतलं.

साकीनाक्याला खेळाचं सामान दुरुस्त करणारा एक गाळा आहे, असं ऑफिसातल्या एकीनं सांगितलं. येताना उतरले. गाळेवाला जिमच्या मशीनखाली आडवा झालेला. म्हणाला, "ताई, स्टिकचं काम बंद केलं मी. मुठीला जाड ग्रिप देतो, अशक्त हाताला बरी पडते. घरीच लावा. जुनी कापायची, टेप लावायची, आतून थिनर फिरवायचं आणि सुकायच्या आत सरकवायची. बस."

हे 'बस' मला फार महागात पडलं.

रविवारी दुपारी गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली. कटरनं जुनं रबर सोलताना नख तुटलं. खालची चिकट टेप हेअर ड्रायरनं तापवून खरवडली, तरी बोटांना डिंक चिकटून राहिला. थिनरच्या वासानं डोकं चढलं. शेवटी नवी ग्रिप सरकवायला घेतली तर ती अर्ध्यात अडकली. ना पुढे, ना मागे. मी काठी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. रडायलाही कंटाळा आला होता.

हे आतून बघत होते. पाय ओढत आले, स्टुलावर बसले.

"थिनर कमी पडलं. ही कापून टाक. दुसरी घे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"क्लबवर करताना बघायचो. ग्रिपच्या टोकाचं भोक दाब अंगठ्यानं. हं, आता ओत."

काठी त्यांनी काखेत घट्ट धरली. मी ग्रिप टोकाला लावली. "ढकल, ढकल, थांबू नकोस," असं म्हणता म्हणता त्यांचा उजवा हातही मदतीला आला. ग्रिप सर्रकन बसली. ती बोटं रबराभोवती मिटलेली मी पाहिली आणि काही बोलले नाही. बोलले असते तर हात काढून घेतला असता.

पुढचे किती रविवार त्यात गेले. लोखंडी टोकांवरचा गंज तारेच्या घासणीनं मी घासायचे, खाचांमधली माती हे जुन्या टूथब्रशनं काढायचे. फिजिओच्या बाई म्हणाल्या, "छान, पण चेंडूही दाबा हं."

सगळ्या काठ्या झाल्यावर एका सकाळी आम्ही सरावाच्या मैदानावर गेलो. हे उभे राहिले, नेम धरला, काठी फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. काठीच हातातून सुटून लांब गवतात जाऊन पडली. शेजारचे खेळणारे थांबले. मी जाऊन ती उचलून आणली. ह्यांनी परत मागितली नाही.

रिक्षात हे म्हणाले, "नवीन सेट आणला असता आणि असं झालं असतं, तर काय म्हणालो असतो? जुन्याला निदान नावं तरी ठेवता येतात."

इतके दिवस मी त्याला हट्ट समजत होते. मी त्यांचा हात हातात घेतला.

मैदानावर ते पुन्हा गेले नाहीत. पण ह्यांच्या गोल्फच्या ग्रुपमधले एक जण भेटायला आले होते, त्यांनी भिंतीला टेकवलेल्या काठ्या हातात घेऊन पाहिल्या आणि पुढच्या आठवड्यात आपल्या काठ्यांची बॅग मुठी बदलायला आणून ठेवली. मग आणखी एकाची आली. आता गॅलरीत कपडे वाळत घालायला वाकून जावं लागतं. हे सकाळपासून टेप कापत बसतात, डाव्या हातानं आणि थोडंफार उजव्यानं. ग्रिप सरकवायला मात्र अजून दुसरं माणूस लागतं.

मला रविवारी दुपारी झोपायचं असतं. गेल्या रविवारी स्पष्टच सांगितलं, "आज माझ्याच्यानं होणार नाही."

"झोप की. घाई कुठे आहे?" हे म्हणाले. झटक्यानंतर मला 'झोप' असं ते पहिल्यांदाच म्हणाले. मी आत जाऊन पडले, आणि थिनरचा वास येत असूनही डोळा लागला.