गिऱ्हाईकाचे झुरके

दाजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, कसलंच व्यसन नव्हतं. त्यांचे वडील विड्या ओढून, खोकून खोकून गेले होते. त्यामुळे दाजींना निर्व्यसनीपणाचा भारी तोरा. मी चहाचा दुसरा कप मागितला तरी म्हणायचे, "बघा, मेव्हण्याचं व्यसन वाढलं!"

त्यांचा कारखाना बंद पडल्यावर मीच त्यांना हुक्क्याच्या दुकानात चिकटवलं. ताई बिथरली. सासऱ्यांचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं होतं. मी तिच्यापुढे हुक्क्यात भरायच्या पाल्याचं पाकीट धरलं. सुकवलेला पुदिना, गुलाबाच्या पाकळ्या, पाक. "तंबाखूचा कणही नाही, ताई. नुसता पाला. औषधच म्हण ना!" तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

काम सोपं. चिलमीत पाला भरायचा, वर निखारे ठेवायचे, धूर नीट धरेपर्यंत स्वतः आठ-दहा झुरके मारायचे आणि मग हुक्का गिऱ्हाईकापुढे नेऊन ठेवायचा. असे दिवसाला तीस-चाळीस. दाजींच्या हाताला गुण होता, गिऱ्हाईकं त्यांनाच हाक मारायची. घरी येताना डोकं ठणकायचं. दाजी उन्हाच्या नावाने बोटं मोडायचे.

पाचव्या वर्षी खोकला लागला. मग दोन जिने चढायला तीनदा बसायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, "विडी-सिगारेट?" दाजींना तो अपमानच वाटला. "छे!" वर मीही जोडलं, "डॉक्टर, देवमाणूस आहे हो." दम्याचा पंप मिळाला. दोन वर्षं त्यातच गेली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याचा अजून संताप येतो.

ओठ निळे पडले तेव्हा भरती केलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काम काय ते विचारलं. मग म्हणाल्या, "हुक्का पेटवता कसा?"

दाजींनी मूठ तोंडाशी नेली, ओढायला गेले आणि अर्ध्यातच खोकल्याची ढास लागली. दम खात म्हणाले, "पण ते झुरके गिऱ्हाईकाचे हो. माझे नाहीत."

"पाला जळला तरी धूरच होतो," बाई म्हणाल्या. "त्यात निखाऱ्यांचा विषारी वायू. फुफ्फुसं जेवढी गेली, तेवढी गेली."

ताई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. माझ्याकडे नुसती बघत राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दाजींनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला. "त्यात तंबाखू नव्हती ना रे?"

"नव्हती, दाजी," मी म्हणालो. खरंच नव्हती.