पाटीच्या कोपऱ्यातलं नाव

माझ्या मावशीला सगळे काजवाली म्हणतात. शिंप्याच्या दुकानात बत्तीस वर्षं तिनं शर्टांना काजं केली, मग दुसरं काय म्हणणार? नावानं हाक मारणारा एकच माणूस होता, तिचा नवरा. तो पाट्या रंगवायला परदेशात गेला. दोन वर्षांत येतो म्हणाला, दोनाची अकरा झाली. फोनवर नुसतं "बरंय ना?" एवढंच.

शेवटी मावशीच निघाली, न कळवता. आई म्हणाली, "जाऊ नकोस. मिठाची गुळणी धरणारा माणूस काहीतरी लपवतो." मावशी हसली. वेडी होती, झालं.

तिथं बसमधून उतरली तर एक अक्षर वाचता येईना. पत्त्याचा कागद दाखवत दाखवत चालली. चांभाराच्या पाटीकडे सहज नजर गेली आणि तिथंच थबकली. खालच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढं, आपल्या लिपीत तिचं नाव. रंगवणारे कोपऱ्यात सही टाकतात. हा बायकोचं नाव टाकायचा, लग्न ठरल्यापासूनची खोड. पुढं न्हाव्याच्या पाटीवर तेच. औषधाच्या दुकानावर तेच. बेकरीवर तर अगदी ताज्या रंगात. "मी मेली भर रस्त्यात रडले गं," मावशी सांगते. "अकरा वर्षं त्याला शिव्या घातल्या, आणि हा इथं रस्ताभर मलाच लिहीत बसलाय."

दार एका बाईनं उघडलं. मावशीला वाटलं, घरमालकीण असेल. तिनं बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. "येतील एवढ्यात," म्हणाली, मोडकंतोडकं, पण आपल्याच भाषेत. मावशीला त्याचंही कौतुक वाटलं. नवऱ्यासाठी शिवून आणलेला शर्ट मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

बाहेर भिंतीला शिडी टेकल्याचा आवाज आला. मग त्याची हाक. तिचं नाव, शेवटचं अक्षर लांबवून, पूर्वी घरी मारायचा तशीच.

"आले," म्हणत मावशी उठली.

"आले बाबा," म्हणत आतून पाच-सहा वर्षांची पोर धावत आली आणि तिला ओलांडून दाराबाहेर पळाली.

"मग तो काय म्हणाला?" मी विचारलं होतं.

"काय म्हणणार? पोर कडेवर होती त्याच्या."

शर्ट तिनं स्टुलावर ठेवला आणि त्याच रस्त्यानं परत आली, मान खाली घालून. मला त्या माणसाचा अजून संताप येतो. नाव ठेवायला दुसरं सुचलं नाही मेल्याला! मी मावशीला म्हणते, "अगं, जुन्या पाट्या तुझ्याच असणार. तेव्हा ती पोर जन्मली तरी होती का?"

"असतील," ती म्हणते आणि सुईत दोरा ओवते.

परवा दवाखान्यात कंपाउंडरनं तिचं नाव तीनदा पुकारलं. ती माझ्या शेजारीच बसली होती, कान शाबूत आहेत तिचे. शेवटी मीच तिला हाताला धरून उठवलं.