सशाचं पाणी

मी माणसांना घाबरते. आता स्वतः सासू झाले तरी घाबरते, फक्त हल्ली ते कुणाच्या लक्षात येत नाही. लग्न होऊन नेवाशाला आले तेव्हा मात्र सगळ्या घराच्या लक्षात आलं होतं. घर म्हणजे तरी कोण, नवरा आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा दुष्काळी कामावर हजेरी मांडायला सोमवारी जायचा तो शनिवारी उगवायचा. उरलो मी आणि मामंजी. मामंजी निवृत्त हेडमास्तर. निम्म्या गावानं त्यांच्या छड्या खाल्लेल्या, उरलेल्या निम्म्यानं त्या नुसत्या पाहून पाढे पाठ केलेले. मी त्यांच्याशी दाराआडून बोलायचे, तेही अगदी अडलं तरच.

त्यांचा जीव होता एका सशावर. पडवीत जाळी मारलेल्या लाकडी पेटीत तो राहायचा. संध्याकाळी मामंजी त्याला मांडीवर घेऊन पेपर वाचायचे आणि मधूनमधून बातम्या त्यालाच सांगायचे. मला त्या सशाचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात मामंजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नगरला नणंदेकडे निघाले. दहा दिवसांसाठी. जाताना म्हणाले, "सूनबाई, ह्याला सांभाळ. पाणी मात्र थेंबभर देऊ नकोस. ससा पाणी पीत नाही, पाल्यातून घेतो. पाजलं तर पोट फुगून मरतो."

तेव्हा सगळेच तसं म्हणायचे, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण पाला होता कुठे? घासाचे वाफे करपून गेले होते. प्रवरेच्या पात्रात वाळू उकरून आम्ही वाटीवाटीनं घागर भरत होतो. मी सशाला वाळका कडबा आणि हरभरे घालत राहिले आणि सांगितल्याप्रमाणे पाणी दिलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तो पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. दात करकरा वाजवत होता. मागची बाजू ओली, आणि खालच्या पोत्यावर लालसर थेंब. माझ्यादेखत त्यानं कुंथून कुंथून एक थेंब टाकला आणि तो किंचाळला. ससा ओरडतो हे मला तोवर माहीत नव्हतं. सशाचं काय होईल याच्याही आधी माझ्या मनात आलं ते मामंजींचं तोंड. ही गोष्ट मी आज पहिल्यांदाच कबूल करतेय.

टोपलीत घातला, वरून लुगडं टाकलं आणि गुरांच्या दवाखान्यात गेले. हेडमास्तरांची सून डोक्यावर टोपली घेऊन एकटी कुठे निघाली, हे रस्त्यात कुणी विचारलं असतं तर मी तिथेच रडले असते. दवाखान्यातल्या शिपायानं लुगडं उचलून पाहिलं.

"बाई, हितं गाई-म्हशी आनत्यात. ससा कुनी आनलाय का आजवर?"

डॉक्टर तरुण होते. सशाचं पोट त्यांनी दोन बोटांनी हलकेच चाचपलं. "मूत्राशयाला सूज आहे, जंतू झालेत," म्हणाले. "लघवी घट्ट होऊन आत रेतीसारखी खर साचली असणार. पाणी किती पितो?"

"पाणी देत नाही. देऊच नका म्हणून सांगितलंय."

"कुणी?"

मामंजींचं नाव घ्यायची त्या दवाखान्यातसुद्धा माझी छाती झाली नाही. डॉक्टरांनी वासरांना देतात ती सल्फाची गोळी काढली, ब्लेडनं तिचे आठ तुकडे केले आणि कागदात बांधले. एक सकाळी, एक संध्याकाळी, पाण्यात कालवून. पोतं रोज बदलायचं. आणि पाणी, जितकं पिईल तितकं.

"मी सशाला औषध कधी दिलेलं नाही, बाई. अंदाजानं देतोय."

"जास्त झालं तर?"

"मरेल."

"आणि कमी झालं तर?"

"तरी मरेल. पण पाणी आता कायम द्या. बंद केलंत आणि हे पुन्हा झालं, तर माझ्याकडे आणूनही उपयोग होईल असं वाटत नाही."

घरी येऊन मी पेनात शाई भरायचा ड्रॉपर उकळून घेतला. पहिल्यांदा त्याच्या तोंडात सोडताना अर्धं पाणी त्याच्या डोळ्यात गेलं. मग दुपारभर त्याच्या पोटावर हात ठेवून बसले. फुगलं का? जरा फुगल्यासारखं वाटतंय का? भाकरी थापायला उठले तरी दर भाकरीमागे पडवीत जाऊन येत होते. माझ्या वाटणीचं पाणी मी त्याला दिलं, दुसरं आणणार कुठून?

तिसऱ्या दिवशी पोत्यावर चांगला हातभर ओला डाग होता, आणि तो लाल नव्हता. मुताच्या डागापाशी बसून आनंदानं रडलेली त्या पंचक्रोशीत मी एकटीच असेन.

त्याच दुपारी मामंजी दोन दिवस आधीच दारात उभे. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. पेटीतली पाण्याची वाटी मी पदराखाली कशी ओढली ते माझं मला माहीत. ससा मांडीवर घेऊन ते म्हणाले, "बघ, कसा टुणटुणीत आहे. शिस्त पाळली की जनावर आजारी पडत नाही."

तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं. त्याऐवजी ते रोज सकाळी नदीवर फिरायला गेले की मी सशापुढे वाटी ठेवायची आणि काठीचा आवाज आला की उचलायची. असं वर्षभर चाललं. आल्यागेल्याला मामंजी अभिमानानं सांगायचे, हा बिनपाण्याचा ससा, आणि मी दाराआडून चहा पुढे करायचे.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी, कर्जतला निघाले. एसटीत बसवायला नवरा आला होता, आणि मामंजीही. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगावं, तर तो बापाला माझ्याहून जास्त भ्यायचा. शेवटी खिडकीतून म्हटलं, "मामंजी, सशाला..."

"त्याची काळजी करू नकोस. मी आहे."

गाडी सुटली. कर्जतहून दोन पत्रं टाकली. दोन्हींत विचारलं, ससा कसा आहे. पाण्याचं मात्र लिहायला हात धजला नाही. पत्र मामंजीच वाचणार होते. मामंजींचं उत्तर आलं, त्यात सशाबद्दल काहीच नव्हतं.

बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर घेऊन आले. पडवीत पेटी नव्हती. मामंजींनी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच भरलेले पाहत होते.

"तू गेलीस आणि आठवड्याभरात त्यानं खाणं टाकलं," ते म्हणाले. "मुकं जनावर, पण माया कळते. तुझ्यावाचून राहिला नाही बघ."

माझ्या ओठाशी सगळं आलं होतं. आता सांगून ससा काही परत येत नाही, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा, असं मी मनाशी म्हणाले आणि त्याला समजूतदारपणा समजले. तो समजूतदारपणा नव्हता.

"हो मामंजी," म्हटलं, आणि बाळाला पाजायला आत गेले.