स्वतःची किल्ली लावून आलेल्या आजी

उभा जन्म बसमध्ये घंटी मारण्यात गेला, त्यामुळे कंडक्टरबाईंना कशाचं म्हणून नवल वाटत नसे. चालत्या गाडीत अडलेली बाई त्यांनी मोकळी केली होती, खिसेकापूची मानगूट धरून त्याला सरळ चौकीत नेऊन बसवला होता. निवृत्त झाल्या तरी घरात त्या "चला, पुढे सरका" याच पट्टीत बोलायच्या. इंजिनाच्या घरघरीनं एक कान अधू झालेला, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्यांच्या घरची खबर अख्ख्या गल्लीला फुकटात मिळायची.

यजमान शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन मोठ्या शहरात करायचं ठरलं, तेव्हा नातेवाइकांकडे पथारी टाकणं बाईंना पटेना.

"कुणाच्या घरात मिंधं होऊन राहायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. लेकानं "सॉरी हं, आई, रजा मिळत नाही" असं फोनवर गोड आवाजात सांगितलं, मग भाचीनं मोबाईलवरून हॉस्पिटलजवळचा एक फ्लॅट थोड्या दिवसांसाठी भाड्यानं घेऊन दिला.

मालकाचं तोंडही दिसलं नाही. किल्ली दाराबाहेरच्या डबीत ठेवलेली. आत पांढऱ्याफेक भिंती, कोऱ्या चादरी, एकसारखे कप. ओटा तेवढा इतका ठेंगणा, की भाजी चिरताना बाईंची कंबर धरायची. "हा काय बाहुल्यांसाठी बांधलाय?" त्या करवादायच्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर डोळ्याला पट्टी लावून पडले होते आणि बाई दूध तापवत होत्या, तोच दाराच्या कुलपात किल्ली फिरली. बाई झारा घेऊनच बाहेर आल्या.

दारात एक चिमुकल्या आजी उभ्या. नीट विंचरलेले केस, हातात कापडी पिशवी. त्यांनी चपला कोपऱ्यात बरोबर ओळीत काढल्या आणि बाईंकडे पाहून हसल्या.

"तुम्ही रंगाऱ्याकडच्या का? बरं झालं भेटलात. केव्हाची चाललीत कामं! म्हटलं, रंग कुठवर आला ते आपणच बघून यावं."

 आजी सरळ स्वयंपाकघरात गेल्या, दूध उतू जायला आलेलं पाहून त्यांनी गॅस बंद केला. ओटा बरोब्बर त्यांच्या मापाचा होता.

"आजी, तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मी? अहो, घर माझं आहे. रंगकाम होईपर्यंत मुलानं आश्रमात ठेवलंय मला. वासानं दमा उठतो ना माझा." बोलता बोलता त्या खोलीच्या दाराशी पोचल्या आणि पलंगावरचे मास्तर पाहून थबकल्या. "हे कोण? आमच्या ह्यांचा फोटो इथं होता. आणि माझं कपाट?"

 काहीतरी गोंधळ असेल, मालकच काय ते सांगेल, असं म्हणून त्यांनी भाचीनं दिलेला नंबर लावला. नेहमीसारखा स्पीकरवर.

"अहो, इथं एक आजी आल्यात. म्हणतात, घर माझं."

पलीकडून एक मऊ, सभ्य आवाज आला. "सॉरी हं, ताई. आई आहे माझी. तिला आत घेऊ नका, एकदा बसली की हलायची नाही. असं करा, घर विकलं म्हणून सांगा. तुम्ही नवे मालक आहात म्हणा, म्हणजे परत यायची नाही."

बाईंच्या हातातला झारा खाली पडला. त्यांनी फोन बंद करायला बटण शोधलं, ते सापडेना. मास्तर पट्टीसकट उठून बसले.

आजींनी सगळं ऐकलं होतं. त्या रडल्या नाहीत. फक्त भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रंग तर केव्हाच वाळलाय."

बाईंनी पुढे होऊन त्यांना धरलं, नाहीतर त्या खालीच बसल्या असत्या.

"घर कुणाच्या नावावर आहे, आजी?"

"माझ्याच."

"मग विकणारा हा कोण टिकोजीराव? तुम्ही हलायचं नाही इथून." आवाज पुन्हा बसमधला झाला होता.

संध्याकाळी मुलगा आला. कुणी गुंड, बेवडा असेल अशी बाईंनी मनाची तयारी केली होती. दारात उभा होता इस्त्रीच्या शर्टातला, चष्मा लावलेला चांगला गृहस्थ. हातात सफरचंदांची पिशवी. तो मास्तरांना म्हणाला, "काका, डोळा कसा आहे?" 

"आई, चल. आश्रमात सगळे काळजीत आहेत."

"माझं कपाट कुठाय?" आजींनी विचारलं.

त्यानं चष्मा काढून पुसला.

"तू जा," आजी म्हणाल्या. "यांच्याकडून जे घेतलंस ते यांना परत कर. हे माझे पाहुणे आहेत."

तो सफरचंदं ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी किल्लीवाला बोलावून दाराचं कुलूप बदलून घेतलं. मास्तरांची पट्टी सुटेपर्यंत तिघं तिथंच राहिली. नव्या किल्ल्या आजींच्या हातात देऊन दोघं निघाले, तेव्हा आजी गॅलरीत उभ्या होत्या. मुलगा पुन्हा फिरकला नव्हता.

परतीच्या गाडीत बाई अवाक्षर बोलल्या नाहीत. असं कधी झालंच नव्हतं, म्हणून मास्तरच घाबरले.

"अगं, बरं वाटत नाही का?"

"तो मुलगा," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बोलायला अगदी आपल्या लेकासारखा होता हो."