सागाचं पान

आमशा वसावेची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच असतो.

अक्कलकुव्याच्या वरच्या राखीव जंगलात तो आठ वर्षं पहारेकरी होता आणि मी त्याच खात्यात कारकून. त्याच्या हद्दीत चोरटी कुऱ्हाड कधी चालली नाही. बासष्ट सालच्या आषाढात आमचे साहेब धबधबा बघायला निघाले. जीप नाल्याशी अडली, पुढे दोन कोस पायी जायचं होतं. चढणीवर साहेबांचे बूट घसरत आणि आमशा दर वेळी हात द्यायला मागे येई. धबधबा बघून झाल्याबरोबर साहेबांना भूक लागली.

पुऱ्या होत्या, बटाट्याची भाजी होती. पत्रावळी मात्र मी कचेरीतच विसरलो होतो. साहेब आमशाला म्हणाले, एवढा साग उभा आहे, तोड पानं. आमशा जागचा हलला नाही. डोंगरातल्या माणसांची रीत अशी, की पावसात फुटलेल्या हिरवाईची आधी पूजा करायची. त्या पूजेला ते नीलचारी म्हणतात. ती होईपर्यंत सागाच्या पानाला हात लावायचा नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी पुऱ्यांचा डबा सोडायला बसलो.

"नीलचारी व्हयनी नही, साहेब," आमशा शांतपणे म्हणाला. "मी हात लावाव नही."

मग साहेबांनी स्वतःच पानं ओरबाडली. जंगल राखायचा पगार खाणारा हा माणूस, आणि शिव्या कोणाला, तर जंगल राखणाऱ्याला! मीही लाज कोळून प्यालो होतो; त्याच पानांवर चार पुऱ्या चापल्या. आमशाने आपली भाकर तळहातावर घेतली आणि लांब खडकावर बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी वळणदार अक्षरात लिहिला: मी राजीखुशीने नोकरी सोडत आहे. आमशाचा अंगठा घ्यायचं कामही माझ्याकडेच आलं. काय लिहिलंय, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, रजेचा कागद आहे, नीलचारीला घरी जा.

त्याचा चेहरा खुलला. अंगठा उठवून तो म्हणाला, "साहेब चांगला माणूस शे."

पूजा उरकून तो कामावर हजर झाला. त्याला दारातूनच परतवून लावायला साहेबांनी मलाच पुढे केलं. तेही मी केलं.